जरा लवकर आटप

आबांच्या डोक्यात मागच्या बाजूला, भोवऱ्याच्या चार बोटं खाली, एक आवाळू आहे. आधी हरभऱ्याएवढं होतं म्हणे, आता बोराएवढं झालंय. दुखत नाही, वाढतं ते सावकाश, आणि वर केस असले की दिसत नाही. डॉक्टर म्हणाले होते, त्रास नसेल तर राहू द्या. आबांनी राहू दिलं. या आवाळूची माहिती जगात मोजून चार जणांना होती: आबा, आजी, डॉक्टर आणि तात्या. आजी गेली. पुढे २०२० साली तिची जागा मी घेतली, ते कसं ते सांगतो.

तात्या म्हणजे आमचे न्हावी. लिहिताना हल्ली ‘नाभिक’ लिहितात आणि ते योग्यच आहे, पण तात्या स्वतःबद्दल बोलताना ‘आमी न्हावी मान्सं’ असंच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितोय. गाव पुणतांबा. गोदावरीच्या काठावर, राहाता तालुक्यात, दौंड-मनमाड रेल्वेमार्गावर. शिर्डीला जाणारा रेल्वेचा फाटा आमच्याच स्टेशनातून फुटतो, त्यामुळे कुठकुठले भाविक आमचं गाव खिडकीतून बघतात आणि पुढे जातात. चांगदेव महाराजांची समाधी इथे आहे. तेच चांगदेव, जे चौदाशे वर्षं जगले असं सांगतात आणि ज्यांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर पाठवलं. अशा माणसाच्या गावात आज कटिंगसाठी पंचवीस मिनिटं कुणाकडेच नाहीत. मी धरून.

तात्यांच्या जुन्या दुकानात एकच लाकडी खुर्ची होती. लहान पोरगं आलं की तिच्या दोन्ही हातांवर फळी टाकायची आणि पोराला त्या फळीवर बसवायचं. एक आरसा समोर, एक पाठीमागे, त्यामुळे आपण आपल्याच मागे आपल्याच मागे असे शंभर बसलेले दिसायचो. मला त्या शंभरांतला शेवटचा शोधायचा नाद होता आणि त्यासाठी मी मान हलवली की टपली बसायची.

तात्या लगेच कापायला सुरुवात करत नसत. आधी नुसते मागे उभे राहायचे. मग कोरड्या केसांतून कंगवा फिरवायचा, मग बोटांनी डोकं चाचपायचं, जसं आबा कलिंगड बघतात तसं. माझ्या डोक्याला दोन भोवरे आहेत. दोन भोवरे म्हणजे दोन बायका, हे भविष्य मला तात्यांनी वयाच्या सातव्या वर्षी भर दुकानात सांगितलं होतं. (आत्तापर्यंत एकीचाही पत्ता नाही.) भोवऱ्यापाशी केस गोल फिरतात. तिथे ते बाकीच्यांइतकेच बारीक केले तर ताठ उभे राहतात आणि माणूस कायम नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसतो. म्हणून तात्या तिथले केस अर्धं बोट लांब ठेवायचे. पाण्याचा फवाराही बेतानेच मारायचे. ओले केस ताणले जाऊन लांब दिसतात, आपण भरवशाने कापतो आणि सुकले की वर चढतात. हे मला कुणी शिकवलं नाही, फळीवर बसून ऐकलेलं आहे. कंगव्यावर केस उचलायचे आणि वरचेवर कैची चालवायची. कापत नसले तरी कैची हवेत चालूच असायची, टक-टक-टक, म्हणजे लय तुटू नये.

दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी सकाळी मी धावत दुकानात गेलो आणि म्हणालो, “तात्या, जरा लवकर आटपा, एसटी आहे.” त्यांनी माझ्या गळ्याला बांधत आणलेलं कापड काढलं, झटकलं आणि घडी घातली. म्हणाले, “घाई हाये तर उद्या ये. डोकं कुठं पळून चाललंय?” फोटोत मी वाढलेल्या केसांनी, फुगलेल्या गालांनी उभा आहे. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. लॅपटॉप घेऊन गावी आलो. महाराष्ट्रात सलून उघडायला २८ जूनला परवानगी मिळाली, तीही फक्त केस कापायला; दाढीला नाही. तोवर तीन महिने तात्यांच्या दुकानाला कुलूप. त्यांचा धाकटा मुलगा, जो शाळेत माझ्याच वर्गात होता, पुण्यातून परत येऊन टेम्पोवर भाजी विकत होता. आबांचे केस कानावर आले तेव्हा मी ऑनलाइन ट्रिमर मागवला, यूट्यूबवर तीन व्हिडिओ बघितले आणि ओट्यावर खुर्ची मांडली. एक तास दहा मिनिटं लागली. डोक्याला जिना निघाला. उजवी बाजू डावीशी जुळवायला गेलो की डावी खाली राहायची, मग डावी, मग पुन्हा उजवी. त्यातच बोटाला ते आवाळू लागलं.

“आबा, हे काय?”

“आवाळू हाय. तात्याला ठावं हाय.”

मी ट्रिमर बंद केला आणि तेवढ्या भागावर कात्रीने, धान्यातला खडा वेचावा तसे, केस कापले. सांगायचा मुद्दा हा, की मला माहीत होतं.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेनंतरच्या रविवारी, मला दुपारच्या गाडीने पुण्याला परतायचं होतं. आबांना ८२ वर्षं झालीत. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत. केस वाढले होते. आई म्हणाली, जाता जाता आबांना दुकानातून आणून सोड. तात्यांच्या हाताला वर्षभरापासून कंप आहे, ते आता कापत नाहीत. मुलगा नवं दुकान चालवतो. (त्याचं नाव लिहीत नाही. गावात सगळ्यांना कळेलच, पण निदान मी लिहिलं असं नको.) दोन वरखाली होणाऱ्या खुर्च्या, काचेचं दार, छताला एलईडीच्या पट्ट्या, भिंतीवर फुटबॉलपटूंचे फोटो. एका खुर्चीवर तो, दुसऱ्यावर कारागीर. बाकड्यावर नऊ जण. त्याने आबांना बघितलं, मला बघितलं आणि नंबर सोडून आत घेतलं. मी म्हणालो, “गाडी आहे रे. जरा लवकर आटप.”

तात्या त्या दिवशी पाहुण्यांकडे गेले होते. एरवी ते दुकानातच पेपर वाचत बसलेले असतात. असते तर बोलले असते.

मी बाकड्यावर बसून ऑफिसचा मेसेज बघत होतो. मशीन सुरू झाली. आधी डावी बाजू, मग मागून मानेपासून वर, एका दमात. मग आबांचा बारीक आवाज, “आरं,” आणि मशीन थांबली. मान वर करून बघेपर्यंत पांढऱ्या कापडावर लाल रेघ उतरली होती.

त्याने तुरटी लावली. थांबलं नाही. त्याने स्वच्छ टॉवेल दाबून धरला आणि मला विचारलं, “आबांना पातळ रक्ताची गोळी चालू आहे का?” हे त्याने विचारलं, मी सांगितलं नव्हतं. वीस मिनिटं आम्ही आळीपाळीने टॉवेल दाबून उभे होतो. बाकड्यावरचे दोघं उठून गेले, एकाने मोबाईल बाहेर काढला आणि कारागिराने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो परत खिशात घातला. आबा आरशात समोर बघत होते. म्हणाले, “काय न्हाई रं. आवाळूच हाय.” डॉक्टरांनी टाका घातला नाही, पट्टी केली आणि मला झापलं: गोळ्या चालू असलेल्या माणसाला न्हाव्याकडे नेताना आधी सांगायचं असतं, एवढं कळत नाही? इंजिनिअर ना तू? गाडी गेली.

घरी येताना मी मनात त्याच्या दुकानाला एक स्टार दिला होता. वाक्यंसुद्धा तयार होती. ‘फक्त पैसे कमवायचे, माणसाकडे लक्ष नाही’ वगैरे. आबा मोटरसायकलवर मागे बसले होते, अर्धं डोकं बारीक, अर्धं वाढलेलं, मध्ये पट्टी. मला त्यांचं डोकं दिसत नव्हतं, फक्त गावातल्या लोकांची तोंडं दिसत होती.

दुपारभर करायला काही नव्हतं, म्हणून मी हिशोब केला. कटिंग ८० रुपये. दोन खुर्च्या. रविवारी सकाळी आठ ते दुपारी दोन धंद्याचे सहा तास. तात्यांच्या चालीने डोक्यामागे २५ मिनिटं धरली तर एका खुर्चीवर १४ डोकी, दोन्ही मिळून २८, गल्ला २,२४०. दहा मिनिटांत एक उरकलं तर ७२ डोकी, ५,७६०. यातल्या दुसऱ्या खुर्चीचं निम्मं कारागिराचं. वर भाडं, वीज, ब्लेड, खुर्च्यांचा हप्ता. बारावीच्या पोरालाही कळेल तो काय निवडेल.

पण रविवारच का? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. सोमवारी दुकान बंद. मंगळवारी आणि शनिवारी आमच्याकडे अजून बरेच जण केसांना कात्री लावत नाहीत. गुरुवार साईबाबांचा, शिर्डी शेजारीच, त्यामुळे गुरुवार पाळणारेही खूप. एकादशी, अमावास्या वेगळ्या. राहिले बुधवार, शुक्रवार आणि रविवार, त्यात सुट्टी एकच. श्रावणात दाढीवाले महिनाभर गायब आणि गणपतीच्या आदल्या दिवशी सगळे एकदम दारात. आमच्या धंद्यात लिटल नावाच्या गणितज्ञाचा नियम वापरतात, १९६१ साली त्याने सिद्ध केलेला: रांगेत सरासरी किती जण असतील, तर येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा सरासरी थांबण्याचा वेळ. नऊ जण बाकड्यावर दिसले तर दहावा दारातूनच परत जातो आणि शेजारच्या दुकानात शिरतो. सर्व्हरवर असा भार आला की आम्ही आणखी सर्व्हर लावतो आणि बिल गिऱ्हाइकाला पाठवतो. न्हाव्याकडे वाढवायला फक्त हाताचा वेग असतो.

भाव तो वाढवू शकत नाही का? हा प्रश्न मी आबांना विचारला तेव्हा ते पट्टीसकट हसले. मागे दर साठाचा ऐंशी झाला तेव्हा पारावर काय बोंब झाली होती, हे त्यांनी सांगितलं. ‘केस तर तेवढेच आहेत, वीस रुपये कशाचे?’ असं म्हणणाऱ्यांत आपणही होतो, हेही सांगितलं.

आता हे गाव कोणतं, तर पुणतांबा. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप झाला, त्याचा ठराव आमच्या गावात झाला होता. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि होस्टेलवर सगळ्यांना अभिमानाने सांगत होतो, टीव्हीवर दिसतंय ते माझं गाव. दूध बाजारात जाणार नाही, भाजी जाणार नाही, शेतकरी स्वतःपुरतं पिकवेल आणि संपावर जाईल. कर्जमाफी मागितली होती, पण त्याहून मुळातली मागणी भावाची होती: उत्पादन खर्च धरा, त्यावर पन्नास टक्के नफा धरा आणि मग आमच्या मालाचा दर ठरवा. २४ जूनला सरकारने कर्जमाफी जाहीर केली. भावाचं गाडं तिथेच आहे, २०२२ मध्ये गाव पुन्हा धरण्याला बसलं ते त्यासाठीही. कष्टाचा खर्च धरून दर द्या, हे आमच्या गावाने अख्ख्या देशाला ऐकवलं. आणि न्हाव्याने त्याच्या मालाचे वीस रुपये वाढवले तेव्हा पारावर बोंब मारली.

आबा संपात होते. त्यांना हे मी असं तोंडावर बोललो नाही. त्यांच्या मनात तोच विचार चालू होता की काय माहीत नाही, पण ते आपणहून बलुत्याबद्दल बोलायला लागले. तात्यांचे वडील धोकटी घेऊन घरी यायचे. ओट्यावर बसून घरातल्या सगळ्या पुरुषांची एकामागून एक हजामत, कुणाची नखं काढायची तर नऱ्हाणी असायचीच. पैसे नाहीत, खळं झालं की धान्य. वर्षाला ठरलेलं, मग डोक्याला दहा मिनिटं लागोत की तास. “त्याला घाई कशाला असंल?” आबा म्हणाले. मला वाटलं, हे जुन्या काळाचं गुणगान चाललंय. पण थोडं थांबून तेच म्हणाले, “पर खळ्यावर आमी त्याला शेवटाला उभं करायचो. समद्यांचं मापून झाल्यावर. दाणं कमी पडलं तर त्याचंच कमी पडायचं.” तेव्हा बलुतं परत यावं असं मी म्हणणार नाही आणि तात्यांसमोर कुणी म्हणूही नये. त्या व्यवस्थेत न्हाव्याकडे वेळ होता, कारण त्याच्या वेळेची किंमत कुणी मोजतच नव्हतं. आता मोजतात, मिनिटावर मोजतात, आणि दर मात्र खळ्याच्या काळातल्या मनाने ठरवतात.

नुसता वेगच वाईट म्हणावं, तर तेही खरं नाही. जपानमध्ये क्यूबी हाऊस नावाची दुकानांची साखळी आहे. १९९६ मध्ये टोकियोच्या कांदा भागात पहिलं दुकान निघालं: दहा मिनिटं, हजार येन. आता दर वाढलाय, पण दहा मिनिटं तीच. त्यांनी काय केलं, तर केस कापणं सोडून बाकी सगळं काढून टाकलं. दाढी नाही, डोकं धुणं नाही, मसाज नाही. पैसे दारातल्या यंत्रात भरून तिकीट घ्यायचं, म्हणजे कारागिराचा गल्ल्यावरही वेळ जात नाही. कापलेले केस छताखालच्या नळीने व्हॅक्यूमसारखे ओढून घेतात. उरलेली दहाच्या दहा मिनिटं डोक्याला. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. सात मिनिटांत कटिंग उरकतात आणि मग ‘दादा, फेस वॉश करायचं? हेड मसाज? डी-टॅन?’ यात दहा मिनिटं जातात. त्यांचाही दोष नाही. ८० रुपयांत काही सुटत नाही, जे सुटतं ते मसाजात. म्हणजे मुख्य काम तोट्यातलं आणि जोडकामावर दुकान चालतं. मी ज्या सॉफ्टवेअर कंपन्या बघितल्यात त्यांतल्या निम्म्या अशाच चालतात, पण तो वेगळा लेख.

आणि मशीन. मशीन वाईट नाही, मी वाईट वापर केलेला आहे, मला माहीत आहे. मशीनला नंबर असतात: एक नंबरची फणी लावली की साधारण तीन मिलिमीटर केस राहतात, दोनला सहा. नंबर म्हणजे डोक्याचं सगळं म्हणणं एका आकड्यात. पात्याला तेलाचा थेंब दिला नाही तर ते तापतं, बोथट होतं आणि केस कापण्याऐवजी उपटतं; रविवारी तेल द्यायला कोण थांबतो? कैची प्रत्येक वेळी कंगव्याने उचललेलं बघूनच कापते, तिला न बघता चालताच येत नाही. मशीनला येतं.

मला सारखे तात्या आठवत होते, कापडाची घडी घालणारे. नाही म्हणणारे. या धंद्याच्या इतिहासात नाही म्हणण्याची एक फार मोठी गोष्ट आहे, आणि शाळेत आम्हाला ती कुणी सांगितली नव्हती. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. ज्या गिऱ्हाइकांवर पोट, त्यांनाच सांगायचं, की हे काम आम्ही करणार नाही. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे, जोतीराव फुल्यांचे सहकारी. मला हे वाचून आधी वाटलं होतं, न्हाव्यांनी काय संप करायचा? तर हा. माझ्या वर्गमित्राला मात्र ‘गाडी आहे, लवकर आटप’ याला नाही म्हणता आलं नाही. म्हणाला असता तर मी दोन दुकानं सोडून तिसऱ्यात गेलो असतो, आणि हे त्यालाही माहीत होतं.

संध्याकाळी दिवेलागणीला तात्या आले. हातात धोकटी, मागे मुलगा. तो ओट्याखालीच उभा राहिला. तात्यांनी आबांची पट्टी लांबूनच बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

“सांगायचं नाय का? इंजिनेर साहेब?”

“विसरलो, तात्या.”

“इसरला न्हाई. फोनवर व्हता.”

मुलाने दुकानात काय झालं ते सगळं सांगितलेलं दिसलं. मी गप्प बसलो. आबा म्हणाले, “आता आलाच हायेस तर ह्ये अर्धं डोकं पुरं कर. सकाळपासून लोक इचारत्यात कुठल्या नाटकात काम धरलं.”

लॉकडाऊनमध्ये मी मांडली होती तिथेच खुर्ची मांडली. तात्यांनी धोकटीतून कैची काढून मुलाच्या हातात दिली. दिवा कमी पडत होता म्हणून तात्यांनी मोबाईलचा टॉर्च धरला. दोन मिनिटांनी मुलगा हळूच म्हणाला, “बापू, उजेड हलतोय.” तात्यांनी काही न बोलता मोबाईल माझ्या हातात दिला आणि आपला हात दुसऱ्या हाताखाली दाबून उभे राहिले.

मग मी त्याला पहिल्यांदा काम करताना बघितलं. वीस वर्षं ओळखतो, तीन वर्षं त्याच्या दुकानात जातोय, पण माझ्या डोक्याच्या मागे तो काय करतो ते मला कुठे दिसणार? आधी नुसता उभा राहिला. कंगवा फिरवला. पट्टीच्या कडेला डाव्या हाताचं बोट धरलं आणि बोटाबोटाने सरकत गेला. कैची हवेत चालूच. टक-टक-टक. सकाळी मशीनने जो पट्टा बारीक झाला होता त्याच्या काठावरचे केस त्याने असे उतरवत नेले, की जोड कुठे आहे ते मला टॉर्च धरूनही दिसेना. तात्या एकदाच बोलले, “कानामागं,” आणि तो म्हणाला, “येतोय तिकडंच.” पाऊण तास गेला. मध्येच त्याचा फोन दोनदा वाजला. दुकानात कारागीर एकटा होता.

मी विचारलं, “दुकानात असं का नाही कापत?”

त्याने कैची थांबवली नाही. “पुण्यात होतो तेव्हा मालक मोबाईलवर टायमर लावायचा. बारा मिनिटांच्या वर गेलं की ओरडायचा. सुरुवातीला हात चुकायचे, मग सवय झाली. आता हळू कापायला बसलो तर बाकड्यावरचे पाय हलवायला लागतात. तूच हलवतोस.”

“मी?”

“दर वेळी. आरशात दिसतं.”

आबांनी शंभराची नोट पुढे केली. त्याने घेतली नाही, सकाळचेही घेतले नव्हते. मग आबांनी आईला हाक मारली आणि बागेतल्या पेरूंची पिशवी भरायला सांगितली. ती तात्यांनी घेतली. निघताना मुलाने खिशातून डायरी काढली, आमच्या समोरच त्यात काहीतरी लिहिलं आणि आबांना म्हणाला, “रविवारी येऊ नका. बुधवारी दुपारी तीनला या, कोणी नसतं.” आबा आता बुधवारीच जातात. आईने त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी खिशात ठेवायला दिली आहे, ती ते दाखवत नाहीत. दाखवायची गरज नाही म्हणतात.

मी दुसऱ्या दिवशी पुण्याला आलो. तीन आठवड्यांनी केस वाढले. हिंजवडीत माझ्या घराखालच्या दुकानात गेलो, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि साडेदहाला मीटिंग होती. बाकड्यावर माझ्यामागे तिघं. कारागीर नवा होता, नांदेडकडचा असावा बोलण्यावरून. त्याने कापड बांधलं, मशीन हातात घेतली आणि आरशातून विचारलं, “किती नंबर, भैया?”

मी म्हणालो, “कैचीने होईल का?”

तो म्हणाला, “होईल की. अर्धा तास लागंल.” आणि मशीन खाली ठेवून माझ्या डोक्यातून बोटं फिरवायला लागला. “दोन भोवरे आहेत तुमाला,” म्हणाला.

आरशात मागचे तिघं दिसत होते. त्यांच्या वर घड्याळ. माझा पाय हलत होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. दहा वाजून चार मिनिटं झाली होती.

“राहू दे,” मी म्हणालो. “दोन नंबर मार.”